न उघडलेले पार्सल

आमच्या घरातील एका मुलाला काही वर्षांपूर्वी आखातात नोकरी लागली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आळीतील एक वृद्ध बाई कापडात शिवलेले पार्सल घेऊन आल्या. त्यांचा मुलगा त्याच शहरात कामाला होता. "बॉटल मसाला आहे, थोडे सोडे आहेत. एवढे पोहोचव रे बाबा," असे म्हणून त्यांनी ते पुढे केले. मुलाने पार्सल हातात घेतले, क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "मावशी, एका बाजूने उसवून आत पाहू का? विमानतळावर विचारतात." घरात एकदम शांतता पसरली. मावशींचा चेहरा उतरला. तेव्हा आम्हीच पुढे झालो आणि मुलाला दटावले, "अरे, मावशींवर तुझा विश्वास नाही का?" मुलगा वरमला. पार्सल निमूटपणे बॅगेत गेले.

पार्सल सुखरूप पोहोचले. आत खरोखरच मसाला आणि सोडे होते. गोष्ट तेथेच संपावयास हवी होती. परंतु २०१९ साली मुंबईच्या एका दांपत्याची बातमी वाचली आणि ती संध्याकाळ पुन्हा आमच्यासमोर उभी राहिली. एका जवळच्या नातलग स्त्रीने या दोघांना कतारची सहल भेट म्हणून दिली आणि सोबत तेथील ओळखीच्या माणसासाठी एक पुडके दिले. त्यात तंबाखू असल्याचे सांगितले होते. दोहाच्या विमानतळावर त्यातून सुमारे चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती. तिची मुलगी तुरुंगातच जन्माला आली. पुढे भारतातील तपासातून सत्य बाहेर आले आणि २०२१ साली कतारच्या न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरविले. ते सुटले, परत आले. पण दरम्यान गेलेली वर्षे कोणी परत देऊ शकले नाही.

ती बातमी वाचताना आम्हांला त्या दांपत्यापेक्षाही स्वतःचेच शब्द अधिक आठवले. 'तुझा विश्वास नाही का?' हा आमचा प्रश्न वरवर पाहता सद्‌गुणाची बाजू घेणारा होता. पण खरोखर तो होता काय? जेथे सर्व एकमेकांना ओळखतात, जेथे शब्दावर व्यवहार चालतो, जेथे न विचारणे हाच जिव्हाळा समजला जातो, त्या समाजात विश्वासाची सीमा कोठे संपते आणि आंधळेपणाची कोठे सुरू होते? आणि त्या आंधळेपणातून कोणी बाई तुरुंगात गेली, तर तो दोष कोणाचा? तिचा, तिला पार्सल देणाऱ्याचा, की तिला 'विचारू नये' असे शिकविणाऱ्या आपणा सर्वांचा?

हा प्रश्न आम्ही येथे आपल्यापासून दूरच्या एका समाजाच्या आधारे तपासून पाहणार आहोत. अमेरिकेतील, विशेषतः न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधील चिनी स्थलांतरितांचा समाज हा परस्परविश्वासावर तगलेला समाज आहे. त्याच विश्वासाच्या वाटेने अमली पदार्थांचा व्यापारही त्यात शिरला, आणि त्या व्यापारात स्त्रियाही ओढल्या गेल्या. दूरच्या आरशात कधी कधी आपला चेहरा अधिक स्पष्ट दिसतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिनी वस्ती म्हटली की अफूचे अड्डे आणि गुप्त टोळ्या, हे चित्र पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी आणि चित्रपटांनी शंभराहून अधिक वर्षे रंगविले. ते अन्यायाचे आहे. त्या वस्तीतील बहुसंख्य माणसे शिवणयंत्रावर, हॉटेलच्या भटारखान्यात आणि धुलाईच्या दुकानात राबून मुलांना शिकविणारी माणसे होती. को-लिन चिन आणि शेल्डन झांग या अभ्यासकांनी चीनमधील हेरॉइनच्या व्यापाराचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यांनाही तेथे एखादी सर्वशक्तिमान टोळी आढळली नाही. आढळली ती सुटीसुटी माणसे आणि ओळखीपाळखीने जोडलेले छोटे गट. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. टोळीला आपण ओळखू शकतो, भिऊ शकतो, टाळू शकतो. ओळखीच्या माणसाला कसे टाळणार?

या समाजाला गप्प राहण्याची सवय कोणी लावली, हेही पाहिले पाहिजे. १८७५ साली अमेरिकेने 'पेज कायदा' केला. अनैतिक व्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना रोखणे हा त्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ प्रत्येक चिनी स्त्रीकडे संशयाने पाहून तिला दारातच अडविण्यात आले. १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा आला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. या काळात चायनाटाउन ही प्रामुख्याने एकट्या पुरुषांची वस्ती होऊन राहिली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंद जळून गेली, तेव्हा अनेकांनी आपण अमेरिकेतच जन्मलो असे सांगितले आणि नसलेल्या मुलांची नावे नोंदविली. त्या नावांवर दुसऱ्यांची मुले देशात आली. त्यांना 'कागदी पुत्र' म्हणत. एंजल बेटावरील चौकशीत टिकण्यासाठी ती मुले उसन्या गावातील घरांची, विहिरीची, शेजाऱ्यांची माहिती पाठ करीत. मग ते उसने आडनाव जन्मभर वागवीत.

अशा घरात मूल पहिला धडा कोणता शिकणार? 'बाहेरच्याला काही सांगू नकोस; घरातल्याला काही विचारू नकोस.' १९५६ साली सरकारने 'कबुली योजना' काढली. खरे नाव सांगा, आम्ही शक्य तर कागदपत्रे दुरुस्त करून देऊ, असा तिचा सूर होता. सुमारे १४ हजार लोक पुढे आले. पण एकाने कबुली दिली की त्याच्या कागदी बापाचे, कागदी भावांचे, सगळ्या गोतावळ्याचे बिंग फुटे. कबुली या शब्दाशी आपल्या मनात मुक्तीची भावना जोडलेली आहे. त्या लोकांच्या मनात तिच्याशी विश्वासघाताची भीती जोडली गेली. सत्य सांगणे म्हणजे आपल्या माणसाला बुडविणे, हा धडा त्यांना अन्यायी कायद्याने शिकविला.

बँका दार उघडत नव्हत्या, पोलीस आपले वाटत नव्हते. तेव्हा या लोकांनी स्वतःच्या संस्था उभारल्या. एका आडनावाच्या, एका गावच्या लोकांचे संघ झाले. 'हुई' नावाची पद्धत चालत आली. ती म्हणजे आपली भिशीच. दहावीस जण दरमहा ठरावीक रक्कम घालतात आणि पाळीपाळीने एकेकजण ती सगळी उचलतो. कागद नाही, तारण नाही. तारण असते ते केवळ तोंडच्या शब्दाचे. या शब्दावर किती दुकाने उघडली, किती मुलींची लग्ने झाली, किती मुले डॉक्टर झाली! असा विश्वास ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. निराधारांनी निर्माण केलेली ती संपत्ती आहे.

याच संपत्तीवर चोरांचा डोळा गेला. १९८० च्या दशकात ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओस यांच्या सीमेवरील 'सुवर्ण त्रिकोणा'तून निघालेले हेरॉइन हाँगकाँग, बँकॉकमार्गे मोठ्या प्रमाणात न्यूयॉर्कला येऊ लागले. १९८९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सुमारे ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोंहून अधिक हेरॉइन पकडले गेले. ते गोल्फच्या मैदानावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या चाकांत भरलेले होते. एवढा माल मोठे व्यापारी आणतात. पण या व्यापाराला लहान हातही लागतात: एक सूटकेस आणणारे, एक खोके ताब्यात घेणारे, आपल्या पत्त्यावर एक पाकीट येऊ देणारे, आपल्या खात्यात थोडे पैसे ठेवून घेणारे. आणि ज्या हातांचा संशय कमी येतो, ते हात बहुधा स्त्रीचे असतात.

अशी एक स्त्री आपण कल्पनेने समोर उभी करू. तिला नाव देत नाही, कारण ती कोणा एकीची कथा नव्हे. ती फूच्येन प्रांतातील एका खेड्यातून आली आहे. १९९० च्या दशकात अशा चोरट्या प्रवासाचा दर माणशी सुमारे ३० हजार डॉलर होता. ६ जून १९९३ रोजी 'गोल्डन व्हेंचर' नावाचे जहाज न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर रुतले, तेव्हा त्यावर असेच २८६ प्रवासी होते आणि त्यांपैकी दहाजण किनारा गाठण्याच्या धडपडीत मरण पावले. आपली ही स्त्री जिवंत पोहोचली. आता ती शिवणकामाच्या कारखान्यात नगावर पैसे मिळवते. कर्ज फिटलेले नाही. मूल गावी आजीजवळ आहे. ज्या नातलगाने तिची जामिनकी घेतली, त्याच्या बायकोने तिला पहिल्या हिवाळ्यात आपला कोट दिला होता.

एक दिवस तोच नातलग म्हणतो, "तुझ्या पत्त्यावर एक खोके येईल. ठेवून घे. मी नेईन." ती विचारीत नाही. पुढे तो म्हणतो, "आईला भेटून ये. तिकीट मी काढतो. येताना एक बॅग तेवढी आण." ती एवढेच विचारते, "बॅग जड आहे का?" तो हसतो. त्या हसण्यातून तिला काहीतरी कळते आणि तेच तिला कळून घ्यायचे नसते.

आता तिचा न्याय कसा करावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच अज्ञानाचे प्रकार वेगळे केले. एक अज्ञान असे असते की माणसाने कितीही काळजी घेतली तरी ते टळत नाही. ते दोष पुसून टाकते. दुसरे आळसातून, निष्काळजीपणातून येते. ते दोष थोडा हलका करते, नाहीसा करीत नाही. तिसरे मात्र माणूस मुद्दाम पत्करतो. कळले तर थांबावे लागेल, म्हणून कळूनच घ्यायचे नाही. असे अज्ञान दोष कमी करीत नाही. उलट त्या कृत्यामागची इच्छा अधिक पक्की असल्याचे दाखविते. अमेरिकन न्यायालयांनीही हाच धागा धरला. १९७६ सालच्या एका गाजलेल्या खटल्यात मेक्सिकोतून गाडी चालवीत आलेल्या माणसाच्या गाडीत चोरकप्पा होता आणि त्यात ११० पौंड गांजा निघाला. कप्पा दिसला होता, पण आत काय आहे ते माहीत नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. माहीत होऊ नये अशी ज्याने स्वतःच व्यवस्था केली, त्याला माहीत होते असेच कायदा धरील, असा त्या निकालाचा आशय होता.

या तर्काला खोट काढता येत नाही. तो मान्य केला नाही तर प्रत्येक तस्कर डोळे मिटून निष्पाप होईल. अमली पदार्थाच्या व्यापाराने उद्ध्वस्त झालेले तरुण आणि त्यांच्या आया यांच्यासमोर उभे राहून 'मी बॅग उघडली नव्हती' असे म्हणणे हे उत्तर नव्हे. म्हणून आमच्या कल्पनेतील स्त्री निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. 'बॅग जड आहे का' असे तिने विचारले, तेव्हा दुसरा प्रश्न तिच्या ओठांवर होता आणि तिने तो गिळला.

तरीही तर्क येथे थांबत नाही. भीती, दडपण, सवय आणि सामाजिक परिस्थिती यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होऊ शकते, हेही ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या शिकवणग्रंथात सांगितले आहे. तोच ग्रंथ अमली पदार्थांची चोरटी निर्मिती आणि व्यापार यांना गंभीर दुष्कृत्य म्हणतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कृत्य भयंकर असू शकते आणि ते करणारीच्या वाट्याचा दोष लहान असू शकतो. मग उरलेला दोष कोठे गेला? दोष हवेत विरून जात नाही. तिच्या खांद्यावरून उतरलेला भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर असलाच पाहिजे. आमच्या मते या सबंध प्रश्नाचे मर्म येथे आहे.

कायद्याचा तराजू हा भार शोधीत नाही. अमेरिकेच्या १९८६ सालच्या कायद्याप्रमाणे एक किलो किंवा अधिक हेरॉइनच्या गुन्ह्यात किमान शिक्षा दहा वर्षे ठरली. किलो मालकाचा असो वा हमालाचा, वजन तेच. शिक्षा कमी करून घेण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे सरकारला उपयोगी माहिती देणे. पण माहिती कोणाजवळ असते? ज्याने व्यापार रचला त्याच्याजवळ. जिला फक्त एक पत्ता आणि एक हसणे माहीत आहे, तिच्याजवळ देण्यासारखे काहीच नसते. १९९४ साली पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या आणि जे माहीत आहे ते सर्व सांगणाऱ्या लहान आरोपींसाठी कायद्यात थोडी वाट काढण्यात आली, हे खरे. तरीही विचित्रपणा राहतोच. नीतिशास्त्रात कमी माहिती असणाऱ्याचा दोष कमी. व्यवहारात कमी माहिती असणाऱ्याची शिक्षा जास्त.

आता तिच्या भोवतीच्या माणसांकडे पाहू. नातलगाला माहीत होते. त्याच्या बायकोला बहुधा अंदाज होता. नातलगाकडे अचानक पैसा आला, हे भिशीतील बायकांनी पाहिले होते. त्याने देणगी दिली तेव्हा गावसंघाच्या वडीलधाऱ्यांनी ती कोठून आली हे विचारले नाही. यांपैकी कोणालाही कर्ज फेडायचे नव्हते, कोणाचे मूल दूर नव्हते. विचारले असते तर त्यांचे फारसे बिघडणार नव्हते. अक्वायनस यांनी सांगितलेले मुद्दाम पत्करलेले अज्ञान खरोखर कोणाचे, हे आता वाचकांनीच ठरवावे. जिच्या अंगी विचारण्याचे बळ सर्वांत कमी होते, तिलाच न विचारल्याची शिक्षा झाली. ज्यांना विचारता आले असते त्यांच्या गप्प राहण्याला आपण सभ्यता म्हणतो.

कृतज्ञता हे या मौनाचे सर्वांत मजबूत कुलूप असते. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये चेंग चुई पिंग ऊर्फ 'सिस्टर पिंग' या बाईने अनेक वर्षे चोरट्या मार्गाने माणसे आणण्याचा धंदा केला. तिचा धंदा अमली पदार्थांचा नव्हता, पण उदाहरण आपल्या प्रश्नाला लागू आहे. 'गोल्डन व्हेंचर'शीही तिचा संबंध सिद्ध झाला. २००६ साली तिला ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१४ साली ती कैदेतच मरण पावली. बाहेरच्या जगाला ती गुन्हेगार होती. वस्तीतील अनेकांना मात्र ती थोरली बहीण होती. तिच्यामुळे ते त्या देशात पोहोचले, तिच्यामार्फत त्यांचे पैसे गावी गेले. तिच्या अंत्ययात्रेला मोठी गर्दी लोटली. त्या गर्दीला आम्ही हसणार नाही. उपकार खरे होते आणि बुडालेली माणसेही खरी होती. ज्याने आपल्याला हात दिला, त्याला 'तुझ्या दुसऱ्या हातात काय आहे' असे विचारणे ही जगातील सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे.

हे सर्व चिनी लोकांचे, दूरचे म्हणून वाचकांनी सोडून देऊ नये. या कथेचे एक टोक आपल्याच बंदरात बांधलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू मुंबईतून, आणि इंग्रजांचा कर चुकवून दमणमार्गे, चीनला जात असे. त्या व्यापारात जमशेटजी जीजीभाई होते आणि त्यांच्याबरोबर भागीदारीत गोव्याचे कॅथॉलिक व्यापारी रोजेरिओ द फारिया हेही होते. १८३९ च्या जून महिन्यात लिन झ-शू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, तेव्हा त्यात मुंबईकरांचाही माल होता. त्यावरून युद्ध झाले आणि १८४२ च्या तहाने हाँगकाँगचे बेट इंग्रजांकडे गेले. अफू आणि कापूस यांच्या व्यापारातून आलेल्या पैशाने आपल्या शहरात दानधर्म झाला. १८४५ साली सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयाला जमशेटजींनी मोठी देणगी दिली, आणि तेथे आपल्याही कित्येक कुटुंबांतील माणसे बरी झाली आहेत. त्या काळी पेटी कोणाच्या घरात उघडली जाणार आहे, हे येथे किती जणांनी विचारले असेल? न उघडलेले पार्सल पाठविणारे पहिले आपणही होतो.

मग उपाय काय? कोणावरही विश्वास ठेवू नये, हा उपाय नव्हे. विश्वास नसलेला समाज सुरक्षित होत नाही. तो केवळ एकाकी होतो, आणि एकाकी माणसाला फसविणे अधिकच सोपे असते. त्याच चायनाटाउनने दुसरा मार्गही दाखविला आहे. १९८२ च्या जून महिन्यात तेथील शिवणकाम करणाऱ्या सुमारे २० हजार स्त्रिया, बहुतेक सर्व चिनी, कामाच्या करारासाठी रस्त्यावर उतरल्या. मालकही चिनीच होते. आपण सारे एक रक्ताचे, घरातले भांडण बाहेर कशाला, असा त्यांचा सूर होता. कारखान्यातल्या कारखान्यात, शेजारच्या यंत्रावर, नात्यागोत्यातून या बायकांनी एकमेकींना विचारले आणि एकमेकींना सांगितले. मालकांना करारावर सह्या कराव्या लागल्या. म्हणजे दोष त्या घट्ट विणीत नव्हता. तीच वीण एका ठिकाणी तोंड बांधते आणि दुसऱ्या ठिकाणी बळ देते. फरक एवढाच की एका ठिकाणी प्रश्न विचारणे हा अपमान असतो, दुसऱ्या ठिकाणी ती काळजी असते.

अफूच्या युद्धातून इंग्रजांच्या हाती गेलेल्या त्या हाँगकाँगमध्येच या काळजीचे आणखी एक उदाहरण घडले. तेथील तुरुंगांत अमली पदार्थ वाहून आणणारे कितीतरी परदेशी स्त्रीपुरुष शिक्षा भोगीत असतात. त्यांच्यात सेवा करणारे धर्मगुरू फादर जॉन वॉदरस्पून यांनी २०१३ पासून या कैद्यांना आपापल्या देशातील लोकांसाठी पत्रे लिहावयास सांगितले आणि ती प्रसिद्ध केली. मी कशी फसले, काय सांगितले गेले, काय विचारावयास हवे होते, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले. ज्यांना कोणी वेळेवर प्रश्न विचारला नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या वतीने प्रश्न विचारला. ती पत्रे म्हणजे केवळ कबुली नव्हे. ते प्रायश्चित्तही आहे, कारण त्यातून दुसऱ्या कोणाचे तरी पाऊल मागे वळू शकते.

आमचा निष्कर्ष साधा आहे. ज्या विश्वासाला प्रश्न सोसत नाही, तो विश्वास नव्हे. ते ओझे आहे, आणि ते बहुधा घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीच्या डोक्यावर ठेवले जाते. आपल्या सुनेवर, आपल्या भाचीवर, परदेशी कामाला निघालेल्या गरीब मुलीवर. म्हणून विचारण्याचे धैर्य तिच्याकडून मागण्यापूर्वी, तिला विचारावेच लागणार नाही अशी रीत आपण पाळली पाहिजे. देणाऱ्याने स्वतःहून उघडून दाखवावे. वडीलधाऱ्यांनी देणगीचा उगम विचारावा. शेजारणीने 'तिकीट कोणी काढले ग?' असे मायेने विचारावे. आणि एखादी मुलगी घुटमळली, तर तिला दटावू नये.

त्या मावशी आता हयात नाहीत. त्यांच्या पार्सलात काहीही वाईट नव्हते आणि त्यांचा काहीही दोष नव्हता. दोष होता तो आमच्या वाक्याचा. गेल्या नाताळात तो मुलगा सुटीवर आला, तेव्हा आम्ही त्याला त्या संध्याकाळची आठवण दिली आणि त्याची क्षमा मागितली. तो हसला, त्याला ती गोष्ट आठवतही नव्हती. परतताना त्याच्याबरोबर एका ओळखीच्या घरी द्यावयाचे थोडे जिन्नस होते. आम्ही ते उघडेच टेबलावर मांडले, मसाल्याच्या बाटल्यांची झाकणे काढून त्याला वास घेऊ दिला, आणि मग त्याच्यासमोर, त्याच्याच हातात सुई देऊन, कापड शिवून घेतले.